असते, तर दिसले असते

मराठी भाषेने वार्धक्याच्या एका खुणेला फार पूर्वीच घरगुती नाव देऊन टाकले आहे. वाचायच्या चष्म्याला आपण 'चाळिशी' म्हणतो. वयाला आणि वस्तूला एकच शब्द. चाळिशी लागली हे सांगताना कोणी संकोचत नाही, कारण ती लपवताच येत नाही. वर्तमानपत्र हातभर लांब धरावे लागते, सुईत दोरा ओवायला नातवंडाला हाक मारावी लागते. येथे डोळा स्वतःच आपल्या उणिवेची वर्दी देतो. परंतु त्याच डोळ्यात, त्याच वर्षांत, आणखीही काही बदल होत असतात. त्यांना आपल्या भाषेत नाव नाही आणि डोळा त्यांची वर्दी देत नाही. मोतीबिंदू, काचबिंदू ही नावे आहेत, पण ती विकारांची. विकार नसलेल्या, डॉक्टरांनी 'उत्तम' म्हणून शेरा दिलेल्या डोळ्याच्या वृद्धत्वाला शब्द नाही. जी उणीव उणीव म्हणून जाणवतच नाही, तिच्याबद्दल माणसाला जबाबदार धरता येते काय, असा प्रश्न त्यातून निघतो. हा प्रश्न तर्कशास्त्राच्या वर्गातला वाटेल. पण आपल्या वाचकांपैकी जे साठी-सत्तरीतही स्वतःची गाडी स्वतः चालवतात, त्यांच्यापुढे तो रोज दिवेलागणीला येऊन उभा राहतो.

आधी वस्तुस्थिती पाहू. वय वाढते तशी डोळ्यातील बाहुली आकुंचित होत जाते आणि अंधारातही पूर्वीइतकी विस्फारत नाही. तिच्यामागचे भिंग पिवळसर व गढूळ होऊ लागते. या दोहोंचा एकत्रित परिणाम असा, की वीस वर्षांच्या तरुणाच्या दृष्टिपटलावर जितका प्रकाश पोहोचतो, त्याच्या सुमारे एक-तृतीयांशच साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर पोहोचतो. हा हिशेब विसाव्या शतकाच्या मध्यापासून नेत्रविज्ञानात रूढ आहे. दिवसा प्रकाशाची इतकी रेलचेल असते की दोन-तृतीयांश तूट सहज पचते. रात्री पचत नाही. शिवाय गढूळ भिंगातून प्रकाश सरळ न जाता विखुरतो, त्यामुळे समोरून 'अप्पर' लावून येणाऱ्या वाहनाचे दिवे डोळ्यांपुढे एक पांढरा पडदा धरतात आणि तो पडदा ओसरायला तरुणापेक्षा अधिक क्षण लागतात. गाडी त्या क्षणांत थांबलेली नसते. ताशी साठ किलोमीटर वेगाने ती दर सेकंदाला सोळा-सतरा मीटर पुढे जात असते.

१९८१ साली अमेरिकेत झालेला एक प्रयोग येथे सांगण्याजोगा आहे. तरुण आणि वृद्ध चालकांचे असे दोन गट निवडले गेले की उजेडात दोघांची अक्षरे वाचण्याची क्षमता सारखीच होती. मग त्यांना रात्री रस्त्यावरील पाट्या वाचायला लावल्या. तरुणांना ज्या अंतरावरून पाटी वाचता येत होती, त्याच्या केवळ ६५ ते ७७ टक्के अंतरावर आल्यावर वृद्धांना ती वाचता आली. म्हणजे नेत्रतज्ज्ञांच्या खोलीत, प्रकाशित तक्त्यापुढे, दोघेही समान. रस्त्यावर मात्र नव्हेत. आपल्याकडे वाहन परवान्यासाठी डॉक्टरांनी भरायचा जो नमुना '१-अ' आहे, त्यात चांगल्या दिवसाउजेडी पंचवीस मीटरांवरून मोटारीची नंबरप्लेट ओळखता येते काय, असे विचारलेले आहे. लाल आणि हिरवा रंग ओळखू येतो काय, रातांधळेपणा आहे काय, हेही विचारलेले आहे. प्रश्न वाजवी आहेत. पण पंचवीस मीटरांवर स्थिर उभी असलेली नंबरप्लेट, तीही दिवसा, तीही नेमकी डोळ्यांसमोर, ही रस्त्यावरच्या दृष्टीची फार सोपी परीक्षा झाली. सायकलवाला बाजूने येतो, अंधारातून येतो, आणि आपण त्याच्याकडे पाहत नसताना येतो.

बाजूने येणाऱ्याची गोष्ट तर आणखी विचित्र आहे. १९८३ साली कॅलिफोर्नियात दहा हजार वाहनचालकांच्या दृष्टिक्षेत्राची, म्हणजे नजर समोर ठेवून बाजूचे किती दिसते याची, तपासणी झाली. पासष्टीपुढील लोकांत सुमारे १३ टक्क्यांच्या दृष्टिक्षेत्रात दोष आढळला. साठीच्या आतील लोकांत हे प्रमाण तीन-साडेतीन टक्के होते. ज्यांच्या दोन्ही डोळ्यांचे क्षेत्र घटले होते, त्यांच्या नावावरील अपघात इतरांच्या दुप्पट होते. आम्हांला यातील सर्वांत महत्त्वाची बाब वेगळीच वाटते: दोष आढळलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्या लोकांना त्याची कल्पनाही नव्हती. यात नवल नाही. जेथे दिसत नाही तेथे काळा डाग दिसत नाही. तेथे काहीच दिसत नाही, आणि मेंदू आजूबाजूच्या चित्राने ती जागा शिवून टाकतो. रफू इतका बेमालूम असतो की वस्त्र फाटले होते हेच कळू नये.

आणि डोळा निर्दोष असूनही अवधान तोकडे पडते, ते वेगळेच. कार्लीन बॉल आणि सिंथिया आउस्ली या संशोधिकांनी १९९३ साली अलाबामा येथील २९४ वयस्क चालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका दृष्टिक्षेपात, मान न वळवता, मध्यभागी लक्ष गुंतलेले असताना कडेचे किती टिपता येते, हे त्यांनी मोजले. ज्यांची ही क्षमता ४० टक्क्यांहून अधिक घटली होती, त्यांच्या बाबतीत मागील पाच वर्षांत अपघात घडलेला असण्याची शक्यता सहापट निघाली. तक्त्यावरची शेवटची ओळ वाचणारा माणूस चौकात समोरून येणारी मोटारसायकल 'पाहून'ही न पाहता वळतो, त्याचे कारण बरेचदा हे असते.

हे सारे असूनही माणसाला 'मला व्यवस्थित दिसते' असे का वाटत राहते? हर्शेल लायबोविट्झ आणि त्यांचे सहकारी ओवेन्स यांनी १९७७ साली याचे जे स्पष्टीकरण दिले, ते आम्हांला अजूनही मोलाचे वाटते. त्यांचे म्हणणे असे, की पाहणे ही एक क्रिया नसून दोन आहेत. एक 'हे काय आहे' ते ओळखते, दुसरी 'मी कोठे आहे' ते सांभाळते. गाडी रस्त्याच्या मधोमध ठेवणे, वळण घेणे, हे दुसरीचे काम. आणि कमी उजेडात पहिली झपाट्याने खालावली तरी दुसरी बरीचशी शाबूत राहते. म्हणून रात्रीच्या वेळी गाडी झोकात, सरळ, सवयीने चाललेली असते, आणि त्या सरळ चालण्यातून चालकाला आत्मविश्वासाचा पुरवठा अखंड होत असतो. ज्या क्षमतेची परीक्षा क्षणोक्षणी होते ती टिकून असते. जी ढासळलेली असते तिची परीक्षा महिन्या-दोन महिन्यांतून एकदाच होते, एखादा माणूस अचानक रस्त्यात आला म्हणजे. हे स्पष्टीकरण तरुणालाही लागू आहे. वृद्धाच्या बाबतीत दरी अधिक रुंद असते, आणि चाळीस वर्षांच्या सवयीने ती अधिक झाकलेली असते.

आपल्या प्राचीन शास्त्रकारांनी मोटार पाहिली नव्हती, पण न दिसण्याचा विचार त्यांनी कसून केला होता. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेतील सातव्या कारिकेत, असलेली वस्तूही प्रत्यक्षाला का गवसत नाही याची आठ कारणे सांगितली आहेत. वस्तू फार दूर असते, किंवा फार जवळ. इंद्रिय बिघडलेले असते. मन ठिकाणावर नसते. वस्तू अतिसूक्ष्म असते. मध्ये आड काही येते. प्रखर वस्तूपुढे ती फिकी पडते, जशी दिवसा नक्षत्रे. किंवा ती आपल्यासारख्याच वस्तूंत मिसळून जाते. यातील अभिभव म्हणजे समोरच्या दिव्यांनी डोळे दिपणे, मनाचे अनवस्थान म्हणजे बॉल-आउस्ली यांनी मोजलेली ती क्षमता, आणि समानाभिहार म्हणजे अंधाऱ्या रस्त्याच्या कडेने काळे घोंगडे पांघरून जाणारा माणूस, असे म्हटले तर ती ओढाताण ठरू नये.

परंतु आमच्या प्रश्नाला अधिक जवळचा विचार भाट्ट मीमांसकांचा आणि त्यांच्या मागून अद्वैत वेदान्त्यांचा आहे. 'येथे घट नाही' हे ज्ञान आपल्याला कशाने होते? घटाच्या अनुपलब्धीने, म्हणजे तो न दिसण्याने, असे ते म्हणतात. आणि अनुपलब्धीला स्वतंत्र प्रमाण मानतात. मात्र ते लगेच एक अट घालतात. कोणतीही अनुपलब्धी प्रमाण नव्हे, योग्य अनुपलब्धीच प्रमाण. 'घट येथे असता, तर तो मला दिसला असता' असे ज्या परिस्थितीत म्हणता येते, त्याच परिस्थितीत न दिसण्यावरून नसणे सिद्ध होते. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही म्हणून घट नाही असे म्हणणारा चुकतो.

वाहन चालवणे हे मुख्यतः अभावाचे ज्ञान आहे, हे आपल्या सहसा लक्षात येत नाही. समोर झाड आहे, दुकान आहे, हे जाणण्यात चालकाला फारसे स्वारस्य नसते. त्याला जाणायचे असते ते 'रस्ता मोकळा आहे', म्हणजे कोणी नाही. प्रत्येक चौकात, प्रत्येक ओलांडणीत, गाडी मागे घेताना प्रत्येक वेळी, तो 'दिसत नाही, म्हणून नाही' असा निर्णय करतो आणि त्या निर्णयावर एक टन वजनाचे लोखंड पुढे ढकलतो. या निर्णयाचा सगळा भार 'असते, तर दिसले असते' या अटीवर आहे. वार्धक्य नेमकी हीच अट आतून पोखरते. तारुण्यात ती बहुधा खरी होती. म्हणून तिची सवय झाली. आणि सवय झाली म्हणून ती तपासली जात नाही.

येथून नैतिक प्रश्न सुरू होतो. विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञ-तत्त्वचिंतकाने १८७७ साली विश्वासाच्या नीतीवर जो निबंध लिहिला, त्यात एका जहाजमालकाचा दृष्टांत आहे. जहाज जुने झाले आहे, दुरुस्तीची गरज आहे, अशी शंका मालकाला येते. पण इतक्या सफरींतून ते सुखरूप परतले, याही वेळी परतेल, अशी स्वतःची समजूत घालून तो ते प्रवाशांसह रवाना करतो. जहाज बुडते. क्लिफर्ड म्हणतो, त्याचा विश्वास प्रामाणिक होता हे खरे मानले तरी तो दोषी आहे, कारण उपलब्ध पुराव्यावर तसा विश्वास बाळगण्याचा त्याला अधिकारच नव्हता. आणि जहाज सुखरूप पोहोचले असते तरी दोष रतिमात्र कमी झाला नसता. 'चाळीस वर्षांत एक ओरखडा नाही' असे सांगणारे आपले ज्येष्ठ आणि हा जहाजमालक यांचे युक्तिवाद एकाच कुळातले आहेत, हे कबूल केले पाहिजे.

पण दोघांत एक फरक आहे आणि तो लहान नाही. जहाजमालकाला शंका आली होती व ती त्याने दडपली. वृद्ध चालकाला शंका येतच नाही. येऊ नये अशीच त्याच्या डोळ्याची रचना आहे. मग त्याने दडपले काय? या आक्षेपात तथ्य आहे असे आम्हांला वाटते, आणि म्हणून पाहण्यातील चुकीबद्दल त्याला अपराधी ठरवणे आम्हांला रुचत नाही. जानेवारी २०१९ मध्ये इंग्लंडच्या राणीचे पती प्रिन्स फिलिप, तेव्हा वय वर्षे ९७, सँड्रिंगहॅमजवळ हमरस्त्यावर गाडी आणत असताना दुसऱ्या गाडीवर आदळले. त्या गाडीतील एका स्त्रीचे मनगट मोडले. आतले नऊ महिन्यांचे बाळ सुदैवाने बचावले. खाली आलेल्या सूर्यामुळे येणारी गाडी आपल्याला दिसली नसावी, असे त्यांनी त्या स्त्रीला पत्राने कळवले आणि पुढच्याच महिन्यात परवाना परत केला. सूर्य डोळ्यांवर होता, हे खरेच असणार. पण सत्त्याण्णवाव्या वर्षी डोळ्यांवर सूर्य येणे म्हणजे काय, हे अपघातापूर्वी जाणून घेता आले असते. आमच्या मते जबाबदारी तेथे आहे. तो क्षण चुकला याची नव्हे, तर अट तपासली नाही याची. उणीव स्वतःहून कळत नाही, ही गोष्ट जोवर कोणालाच ठाऊक नव्हती तोवर अज्ञान निर्दोष होते. ती ठाऊक झाल्यावर तपासणी न करणे ही निवड ठरते, आणि निवडीला जाब विचारता येतो.

यावर कोणी म्हणेल, मग वयाची एक मर्यादा घालून प्रश्न मिटवावा. आम्ही याच्या विरुद्ध आहोत. वय हे मोजमाप फार ओबडधोबड आहे. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी स्वच्छ पाहणारे असतात आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी काचबिंदूने कडेचे जग गमावलेले असतात. आपल्या देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली. त्या मृतांत दोन-तृतीयांश १८ ते ४५ या वयाची होती, आणि अतिवेग हे सरकारी आकड्यांतले सर्वांत मोठे कारण होते. ज्येष्ठ मंडळी ना दारू पिऊन स्टिअरिंग धरतात, ना शर्यती लावतात. रस्त्यावरील हिंसेचे खापर त्यांच्या माथी फोडणे हा शुद्ध अन्याय होईल. शिवाय पुष्कळशी उणीव भरून निघणारी असते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून घेतलेल्या आणि न घेतलेल्या वयस्क चालकांची तुलना २००२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली, तेव्हा शस्त्रक्रिया झालेल्यांच्या अपघातांचे प्रमाण इतरांच्या निम्मेच निघाले. 'अजून पिकला नाही, थांबू' असे म्हणत मोतीबिंदू वर्षानुवर्षे बाळगण्याची आपल्या घराघरांतली जुनी रीत गाडी चालवणाऱ्याने तरी सोडली पाहिजे.

आणि किल्ली हातातून जाणे म्हणजे काय, हेही नीट समजून घ्यायला हवे. ज्यांची मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा समुद्रापार आहेत, अशा घरांत गाडी म्हणजे औषधांचे दुकान, बँक, मंगळवारचा गणपती आणि वाचनालय. ती थांबली की माणूस प्रथम रात्री बाहेर पडणे सोडतो, मग लांबचे लग्नकार्य, मग माणसे. 'रिक्षा कर की' हे सांगणे सोपे आहे. पण दुसऱ्याला बोलावून मग जाणे आणि मनात येताच निघणे यांत स्वाधीनतेचाच फरक आहे. जो मुलगा दूरवरून फोनवर 'बाबा, आता गाडी बंद करा बरं' एवढे म्हणून मोकळा होतो, त्याने वडिलांच्या दृष्टीचा विचार केला असेल, त्यांच्या दिवसाचा केलेला नसतो. तो सल्ला योग्य असूनही अपुरा असतो, आणि बाबांना राग येतो तो या अपुरेपणाचा.

तरीही घरातल्या या वादात एक पक्ष नेहमी गैरहजर असतो, याकडे लक्ष वेधणे आम्हांला भाग वाटते. बाबा आहेत, आई आहे, मुलगा-सून आहेत; मान, स्वाधीनता, काळजी, सगळ्यांची बाजू मांडायला कोणी ना कोणी आहे. कडेने सायकल हाकीत घरी जाणारा गवंडी तेथे नाही. 'असते, तर दिसले असते' ही अट खोटी ठरली तर किंमत तो देणार आहे, आणि त्याला कोणी विचारलेले नाही. स्वतःचा जीव धोक्यात घालण्याचा अधिकार म्हाताऱ्या माणसाला आम्ही सहज देऊ. दुसऱ्याच्या जिवावरची जोखीम ज्येष्ठत्वाच्या आदराखाली लपवता येत नाही. 'परवाना' या शब्दाचा अर्थच परवानगी असा आहे. शेत-घराप्रमाणे ती मिळकत नव्हे.

अनेक घरांत यावर एक मूक तोड निघालेली असते. डावीकडच्या आसनावर बसलेली गृहिणी दुसरी दृष्टी होते. 'अहो, सायकल आहे', 'लाल झाला', 'थांबा, तिकडून येतोय' हे सारे संसाराच्या इतर बोलण्यात इतके मिसळून गेलेले असते की तो पाहण्याचाच भाग झाला आहे हे दोघांनाही कळत नाही. आम्हांला या व्यवस्थेबद्दल जिव्हाळा आहे आणि भीतीही. जिव्हाळा अशासाठी, की दोन अपुऱ्या दृष्टींचे एक पुरे पाहणे करण्याचा तो खरा प्रयत्न आहे. भीती अशासाठी, की त्या बाईंचे डोळेही सत्तरीचेच असतात. आणि ज्या दिवशी त्या बरोबर नसतात, त्या दिवशी गाडी अर्ध्याच दृष्टीने निघते व हे चालकाला ठाऊक नसते. घरच्यांना प्रकृतीची चौकशी करायचीच असेल तर आईंना एकटे गाठून एवढेच विचारावे, की गेल्या महिन्यात तुम्हांला किती वेळा बोलावे लागले? नेत्रतज्ज्ञांच्या तक्त्यापेक्षा हे उत्तर रस्त्याच्या अधिक जवळचे असेल.

निर्णय कधी करावा, याविषयी आमचे मत असे आहे, की तो गरज पडण्याच्या बराच आधी करावा, जसे मृत्युपत्र प्रकृती ठणठणीत असताना करतात. मात्र येथे एक अडचण आहे. साठाव्या वर्षीच्या माणसाने 'पंचाहत्तरीला गाडी सोडीन' असे ठरवले, तर पंचाहत्तरीच्या माणसावर ते बंधन का असावे? तो तर म्हणेल, तेव्हा मला काय ठाऊक होते मी इतका धडधाकट राहीन! त्याचे म्हणणे खोटे नसेलही. म्हणून तारखेला बांधून घेण्यात अर्थ नाही; तपासणीला बांधून घ्यावे. दरवर्षी डोळ्यांची तपासणी, तीत दृष्टिक्षेत्रही मोजलेले, आणि आपल्या विश्वासातील एक माणूस, जो वर्षातून एकदा संध्याकाळच्या वेळी आपल्या शेजारी बसून फेरी मारील व जे वाटेल ते स्पष्ट सांगेल. तो माणूस मुलगा नसलेला बरा. बापलेकांत या विषयावर सरळ बोलणे होत नाही. जुना स्नेही असावा, किंवा भाचा. आणि सारेच एकदम सोडण्याचीही गरज नसते. आधी रात्र सोडावी, मग पाऊस, मग हमरस्ता. रामबागेतून सकाळी दहाला भाजी आणणे पुष्कळ वर्षे चालू शकते.

रात्र सोडण्यावरून आठवले. डिसेंबरात आपल्या इंदुरात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. आपल्या मंडळाची व्याख्याने साडेसहाला सुरू होतात, आभारप्रदर्शन व चहा होऊन मंडळी साडेआठला उठतात, आणि सभागृहाबाहेर लागलेल्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्या सत्तरी ओलांडलेल्या सभासदांच्या असतात. त्यांतील काही राजेंद्रनगरपर्यंत जातात. हिवाळ्यातील कार्यक्रम रविवारी दुपारी तीनला घ्यावेत, अशी लेखी सूचना आम्ही कार्यकारिणीकडे दिली आहे. चारला घेतले तर परततेवेळी मावळतीचा सूर्य थेट डोळ्यांवर येतो, म्हणून तीन. ही वेळ वामकुक्षीची आहे, ही एक हरकत आलेली आहे आणि ती विचारात घेण्यासारखी आहे.